साहेबांचा डावा गाल

नागपूरच्या वरच्या अंगाला, सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात माणसाच्या तोंडाकडे माझ्या मोठेबाबांइतकं निरखून आजवर कोणी पाहिलेलं नाही. मुलगी बघायला आलेल्या सासूने नाही, दात काढणाऱ्या डॉक्टरने नाही आणि आरशाने तर नाहीच नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते मुंबईला सिनेमात मेकअप करायचे, आणि एकतीस वर्षं त्यांनी एकाच नटाचा चेहरा रंगवला. त्या नटाचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण मोठेबाबांनी ते घरातसुद्धा कधी घेतलं नाही. ते नुसतं 'साहेब' म्हणायचे, आणि तेही असं हळू, की जणू देवघराचं दार उघडं आहे. वर्षातून दोनदा ते बोरगावला, आमच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या घरी यायचे. आल्या आल्या हातपाय धुवायच्या आधी सगळ्यांची तोंडं तपासायचे. कोणाला "कसं काय" विचारणं नाही, काही नाही. माझी हनुवटी दोन बोटांनी वर करून म्हणायचे, "तुले झोप नाही मिळून राहिली. शाळेत काही भानगड हाय का?" आणि भानगड असायचीच. मोहगावच्या एका कारकुनाला त्यांनी चहाच्या टपरीवर, ओळखदेख नसताना, डोळ्याखालचा रंग बरोबर नाही म्हणून बजावलं. तो आधी चिडला, मग रक्त तपासून आला तर कावीळ निघाली. तेव्हापासून तो माणूस मोठेबाबा गावात आले की रस्ता बदलून जातो. न जाणो, आणखी काही दिसायचं.

माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींचा आवाज टिपेला पोचलेला, आणि मोठेबाबा खिशातून पावडरचा पफ काढून थेट बोहल्यावर चढले. "नाक चमकून राहिलं त्याचं," असं म्हणून त्यांनी माझं नाक टिपलं, मग पलीकडे जाऊन नवरीचंही टिपलं, आणि फोटोवाल्याला दिवा डावीकडून लावायला सांगून खाली उतरले. भटजी तोवर गप्प उभे होते. सासरच्यांना वाटलं, ही आमच्या घराण्याची रीतच असेल. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्यावर एकच वाक्य बोलायची: "माह्या तोंडाकडे या माणसानं चाळीस वर्षांत दोनदा पाह्यलं, अन् दोन्ही वेळा पावडर जास्त झाली म्हणून सांगाले." साहेबांचे सिनेमे ते टीव्हीचा आवाज बंद करून बघायचे. कथा काय, गाणं काय, त्यांना घेणं नव्हतं. मध्येच म्हणायचे, या सीनला साहेबांना ताप होता. इथे त्यांची आई गेली त्याला तीन दिवस झाले होते, बघ, पापणी जड आहे. पण त्यापलीकडे एक शब्द नाही. गावातल्या लोकांनी किती खोदून विचारलं, साहेबांचे केस खरे आहेत का? मोठेबाबांचं उत्तर ठरलेलं: "तुमचे खरे हायेत ना? मंग झालं."

हे सगळं हसण्यावारी नेण्याचे दिवस संपले ते एका मार्चअखेरीस. साहेब तेव्हा त्यांचा मोठा सिनेमा करत होते. दोन हिस्से चित्रण झालेलं, एक हिस्सा बाकी. एका सकाळी मेकअपच्या खोलीत साहेबांनी चूळ भरली आणि पाणी डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगावर सांडलं. साहेब हसले. मोठेबाबा हसले नाहीत, कारण ते हसू अर्धंच होतं. त्यांनी ब्रशाने डावी भुवई दाबून पाहिली, ती हलली नाही. खोलीत दोघंच होते. मोठेबाबांनी आधी दाराला कडी लावली, मग डॉक्टरला फोन केला, आणि दाराच्या फटीतून बाहेर सांगितलं की साहेबांच्या पोटात बिघडलं आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. औषध घ्या, व्यायाम करा. बहुतेकांचं महिना-दोन महिन्यांत बरं होतं. साहेबांनी विचारलं, बहुतेकांचं म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, काहींचं थोडं राहून जातं.

साहेबांच्या घराबाहेर बारा महिने तेरा काळ कॅमेरे. दवाखान्यात तर भिंतींनाही मोबाईल. अर्ध्या पडलेल्या चेहऱ्याचा एक फोटो बाहेर गेला असता तर तो सिनेमा तिथेच थांबला असता, आणि पुढचं आयुष्यभर लोकांनी साहेबांचा तोच चेहरा लक्षात ठेवला असता. साहेब दोन दिवस अंधाऱ्या खोलीत बसून होते. तिसऱ्या दिवशी मोठेबाबा म्हणाले, माझ्या गावी चला. देशात ती एकच जागा आहे जिथे तोंड झाकून फिरणाऱ्याला कोणी का म्हणून विचारत नाही. आणि ते खरंच होतं. आमच्याकडे होळी सरली की माणसं डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, फक्त डोळे उघडे ठेवतात आणि त्यावर काळा चष्मा चढवतात. रस्त्यावरून सख्खा भाऊ गेला तरी गाडीच्या नंबरावरून ओळखावा लागतो. अशा रीतीने या देशातला सगळ्यात ओळखीचा चेहरा पांढरा दुपट्टा बांधून आमच्या अंगणात उतरला, आणि शेजारच्या मळ्यातला माणूस बैल हाकता हाकता नुसता "राम राम" म्हणून पुढे गेला.

घरात माहीत असणारे आम्ही तिघंच: मोठेबाबा, मोठीआई आणि मी. मी शाळेत मास्तर, मला रजा टाकायला लावली होती, गाडी चालवायला कोणीतरी हवं म्हणून. बगीच्यात शेवटची संत्री तोडायचं काम सुरू होतं, ते पंचशीलाबाई बघायच्या. त्या वीसेक वर्षांपासून आमच्याकडे कामाला आहेत; पलीकडच्या वस्तीत त्यांचं घर. नवरा गेलेला, मुलगी नागपूरला नर्स. त्यांना सांगितलं की मोठेबाबांचे मुंबईचे मित्र आलेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजेड चालत नाही. त्या बरं म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

साहेबांची आई मराठी होती, त्यामुळे ते मराठी बोलायचे, पण ओठ साथ देत नव्हता. 'बाबा' म्हणायला गेले की हवाच बाहेर पडायची. सकाळी दोघं जण आरशासमोर बसायचे. पा पी पू म्हणायचं, गाल फुगवायचे, शीळ घालायचा प्रयत्न करायचा. मोठेबाबा समोर बसून आपणही तेच करायचे, म्हणजे साहेबांना एकट्याला लाज वाटू नये. सत्तरीकडे झुकलेले दोन पुरुष समोरासमोर गाल फुगवून बसलेले पाहून मोठीआई पदर तोंडात कोंबून चुलीपाशी पळायची. पण जेवायच्या वेळी कोणाला हसू येत नव्हतं. डाव्या बाजूने घास बाहेर यायचा. साहेब ताट घेऊन आतल्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. मोठीआई रोज भाजी बदलून पाहायची, वांगं, मेथी, बेसनाच्या पातोडीची रस्सा भाजी. ताट अर्धं तसंच परत यायचं. आणि आम्ही सगळे दचकायला शिकलो होतो. फाटकाची कडी वाजली, दचकलो. मोटरसायकल थांबली, दचकलो. एकदा वीजबिलवाला आला तर मोठेबाबांनी त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. तो बिचारा दुसऱ्या दिवशी विचारत होता, माझं काही चुकलं का?

पंधराव्या दिवशी साहेबांचा डावा डोळा लाल झाला. तो मिटत नव्हता, त्यात धूळ गेली होती. मुंबईचे डॉक्टर फोनवर म्हणाले, आजच्या आज दाखवा, उशीर केला तर डोळ्याला इजा होईल. सौंसरला आम्हांला सगळेच ओळखतात, म्हणून पांढुर्ण्याला एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. डॉक्टरांनी दुपट्टा काढायला लावला तेव्हा मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. पण त्यांना डोळ्याशिवाय माणसाचं दुसरं काही दिसत नसावं. बॅटरी मारत त्यांनी विचारलं, काय काम करता? साहेबांच्या तोंडून शब्द फुटेना. मोठेबाबांनी सांगितलं, बगीच्यावर राखणदार आहे. डॉक्टर साहेबांनाच रागावले, एवढं होईस्तोवर काय करत होता? साहेबांनी मान खाली घातली. एकतीस वर्षांत त्यांना असं कोणी रागावलेलं मी तरी ऐकलं नव्हतं, आणि मला वाटतं, त्यांना ते थोडं आवडलंही.

परत येताना रेल्वे फाटक बंद मिळालं. ऊन रणरणत होतं. डोळ्यात औषध घातल्यामुळे पाणी वाहत होतं, म्हणून साहेबांनी चष्मा काढला, दुपट्टा खाली ओढला आणि रुमालाने डोळा टिपला. शेजारी ऑटोत कॉलेजच्या तीन मुली होत्या. त्यांतली एक बोलता बोलता थांबली. तिने मैत्रिणीला कोपर मारलं आणि मोबाईल वर केला. मी काच चढवायला लागलो, काच अर्ध्यावर अडकली. मालगाडीचे डबे संपता संपत नव्हते. मोठेबाबा मागच्या सीटवरून पुढे झुकले, साहेबांच्या तोंडावर त्यांनी आपला पंजा आडवा धरला आणि फाटक उघडल्यावरही तो तसाच धरून ठेवला. सौंसरचा रस्ता लागल्यावर साहेब हळूच म्हणाले, "दादा, हात काढा. श्वास कोंडतोय."

संध्याकाळपर्यंत तो फोटो पांढुर्ण्याच्या मोबाईलवर फिरायला लागला. धूसर होता, एक डोळा आणि अर्धा गाल, त्यावर मोठेबाबांची बोटं. खाली विचारलं होतं, हे तेच आहेत का? निम्मे लोक हो म्हणत होते, निम्मे हसत होते. पण एकाने गाडीचा नंबर वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला माझ्या शाळेतल्या एका शिक्षकाचा फोन आला. मोबाईलवर बातम्या देणारा पांढुर्ण्याचा एक पत्रकार शाळेत माझी चौकशी करून गेला होता, आणि कोणीतरी त्याला बगीच्याचा रस्ता दाखवला होता. शाळेपासून बगीचा अर्ध्या तासावर.

मी म्हटलं, साहेबांना खोलीत बंद करू, बाहेरून कुलूप घालू. मोठेबाबा म्हणाले, कुलूप पाहिलं की तो आठ दिवस फाटकावर बसेल. त्यांनी आपली पत्र्याची पेटी उघडली आणि साहेबांना पिंपळाखालच्या बाजेवर बसवलं. पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. माणसाला रंगवताना मी त्यांना पाहिलं होतं. चेहरा उतरवताना पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी आधी साहेबांचे केस काढले. हो, काढले. मोठीआई आत वळली. मग उघड्या डोक्यावर, मानेवर उन्हाने रापलेला काळपट रंग चढला, हनुवटीवर चार दिवसांचे पांढरे खुंट आले, नखांत माती गेली, दाताला तंबाखूचा डाग लागला. माझ्या आजोबांची जुनी बंडी पेटाऱ्यातून निघाली. गाल उतरवायचं काम उजव्या बाजूवरच चाललं होतं. डावा आपणच पडलेला होता, त्याला रंगापलीकडे मोठेबाबांनी हातही लावला नाही. मोठेबाबा खालच्या आवाजात सांगत होते, खांदे टाका, पोट सोडा, कोणी बघत नाही असं बसा. साहेब म्हणाले, "तेच येत नाही दादा."

पत्रकार आला तो हातात माइक घेऊन, सोबत कॅमेऱ्याचा मोबाईल धरणारा एक जण. तरुण होता, बोलायला गोड होता. मोठेबाबांनी सांगितलं, काल मी माझ्या राखणदाराला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं. हवं तर डॉक्टरला विचारा. पत्रकार हसला. म्हणाला, मग दाखवा ना राखणदार. आणि उत्तराची वाट न पाहता तो बाजेकडे निघाला. साहेब टोपलीतली संत्री निवडत होते. खांदे पडलेले, ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची रेघ. पत्रकार दोन हातांवर येऊन उभा राहिला, वाकून बघायला लागला, आणि त्याच्या कपाळावर आठी आली. मला दिसत होतं, तो मनातल्या मनात कालचा फोटो या तोंडावर ठेवून बघत होता.

"बाबा, नाव काय तुमचं?" त्याने विचारलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की वीस मिनिटांत मोठेबाबांनी रंग दिला, कपडे दिले, नखातली माती दिली, पण नाव द्यायचं राहून गेलं. साहेबांनी मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबांचा चेहरा कोरा. पाचशे संवाद पाठ असणारा माणूस हातातलं संत्रं फिरवत बसला होता. मी तोंड उघडलं, पण दोन नावं एकदमच जिभेवर आली आणि एकही बाहेर पडलं नाही. पत्रकाराने मोबाईलवाल्याला हाताने खूण केली.

मागून पंचशीलाबाई आल्या. डोक्यावरची टोपली त्यांनी खाली ठेवली, पदर पुढे ओढून कपाळ झाकलं आणि बाजेकडे पाठ करून उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. त्यांच्यासमोर बाई तोंड उघडं ठेवून उभी राहत नाही आणि त्यांचं नाव तर कधीच घेत नाही.

"नाव कसं घेऊ भाऊ, भासरे होत ते माहे," त्या म्हणाल्या. "लकवा मारला त्याईले. बोलता नाही येत. काहून त्रास देऊन राहिले त्या मानसाले?"

पत्रकार ओशाळला. माणूस वाईट नव्हता. त्याने माइक खाली केला, साहेबांच्या पाया पडला आणि विचारलं की यांना काही पेन्शन वगैरे मिळते का? पंचशीलाबाई म्हणाल्या, कुठची पेन्शन? मग मात्र त्याला बातमी सापडली. त्याने साहेबांचं चांगलं दोन मिनिटं चित्रण केलं, पंचशीलाबाईंचं मत घेतलं, मोठीआईच्या हातचा चहा प्यायला आणि निघून गेला.

फाटकाची कडी लागल्यावर मोठेबाबा मातीतच खाली बसले. साहेबांनी पंचशीलाबाईंना विचारलं, तुम्हांला कधी कळलं? त्या अजून पाठ करूनच उभ्या होत्या. म्हणाल्या, पहिल्याच दिवशी. चष्म्याने काय माणूस बदलतो? मोठीआईने विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

"माह्या नवऱ्यालेही असंच झालं होतं वहिनी," त्या म्हणाल्या. "त्यालेही लोकाईसमोर जेवाची लाज वाटे. दार लावून जेवे. मी कोनाले काय सांगू?"

त्या दिवसापासून साहेब गावात असेपर्यंत पंचशीलाबाईंनी त्यांच्यासमोर पदर खाली येऊ दिला नाही. मी एकदा म्हटलं, आता कोणी बघत नाही. तर म्हणाल्या, एकदा नातं सांगितलं ते सांगितलं.

सुटलो असं वाटत होतं, पण खरा घोर पुढेच होता. दोन दिवसांनी ती बातमी आली: बोरगावच्या लकवाग्रस्त राखणदाराला आधार कोण देणार? जिल्ह्यात तिची चर्चा झाली, हजारोंनी ती पाहिली. हळहळ व्यक्त केली, हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. मोठेबाबा कौतुकाने मोबाईल घेऊन साहेबांकडे गेले. कारागीर माणूस, त्यांना आपलं काम दाखवायचं होतं. साहेबांनी ते एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, मग खालचा प्रत्येक अभिप्राय बोटाने सरकवत वाचत गेले.

"दादा," ते म्हणाले, "एकानेही ओळखलं नाही."

"म्हणूनच तं वाचलो साहेब."

"वाचलो, खरं आहे." त्यांनी मोबाईल परत दिला. "बोलणं गेलं, केस गेले, गाल पडला की एवढंच उरतं का माझं?"

साहेब दुपट्टा न बांधताच बगीच्यात चालू लागले. आम्हांला वाटलं, येतील थोड्या वेळाने. बारा वाजले, एक वाजला. मी विहीर बघून आलो. मोठेबाबा रस्त्यापर्यंत धावत गेले आणि धाप लागून परत आले. मोठीआई त्यांच्यावर पहिल्यांदाच कडाडली, की तोंडं बघण्यात जन्म गेला तुमचा, त्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते दिसलं नाही का? मोठेबाबा तिच्याकडे नुसते बघत राहिले.

दोन वाजता मला आठवलं की पंचशीलाबाई आज जेवायला घरी गेल्या आहेत. त्यांच्या घरी गेलो, तर साहेब ओसरीवर मांडी घालून ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा खात होते. समोर पंचशीलाबाई पाठमोऱ्या, बाजूला शेजारच्या दोन म्हाताऱ्या. घास ओठातून खाली पडत होता, साहेब तो उचलून ताटाच्या कडेला ठेवत होते आणि पुढचा घास घेत होते. दार उघडं होतं. म्हाताऱ्यांपैकी एक दुसरीला सांगत होती, या अंगाने चावायला लाव त्याला, त्याच अंगाने. माझ्या भावाला तसंच बरं वाटलं. साहेब मान हलवत होते. मोठेबाबा उंबऱ्याशी आले, ते सगळं त्यांनी पाहिलं आणि आत न जाता तिथेच भिंतीला टेकून बसले. साहेबांचं जेवण होईपर्यंत ते उठले नाहीत.

त्यानंतर ताट आतल्या खोलीत गेलं नाही. पाचव्या का सहाव्या दिवशी दाढीचा साबण लावताना मोठेबाबांचा हात थांबला. ब्रशाखाली भुवई हलली होती. त्यांनी साहेबांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री केली आणि मग सांगितलं. साहेब आरशाकडे धावले, त्यांना काहीच दिसलं नाही. पण मोठेबाबांच्या बोटांवर त्यांचा विश्वास होता. सव्वा महिन्याने 'बाबा' हा शब्द नीट उमटला. गाल वर आला, डोळा मिटायला लागला. हसताना मात्र डावा कोपरा थोडा मागे राहायचा; तो राहिलाच.

न्यायला गाडी आली त्या दिवशी मोठेबाबांनी आपलीही बॅग भरली होती. त्यांनी साहेबांचा चेहरा केला. सावली अशी धरली, की मागे राहिलेला तो कोपरा मुद्दाम ठेवल्यासारखा दिसावा. केस चढले, आणि बाजेवरून पुन्हा ते सुप्रसिद्ध साहेब उठले. मोठीआईच्या ते पाया पडले. पंचशीलाबाईंच्या समोर हात जोडून उभे राहिले. मग मोठेबाबांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "दादा, आता तुम्ही आराम करा." मोठेबाबा हो म्हणाले. गाडी फाटकाबाहेर गेली, धूळ बसली, आणि बॅग अंगणात तशीच उभी होती. ती मी उचलून आत ठेवली.

साहेबांचा फोन आला नाही. महिना गेला, पावसाळा गेला. मला राग यायचा, मोठीआईला त्याहून जास्त. मोठेबाबा मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. मी फारच टोचलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मी समोर आलो का त्याईले ते बाजेवरचं तोंड दिसन. कामाच्या टायमाले ते दिसू नये." लोकांची तोंडं बघणं त्यांनी त्या दिवसांत कमी केलं होतं. संध्याकाळी मोठीआईच्या शेजारी बसून लसूण सोलायचे. एकदा मी आत गेलो तर तिच्या कपाळावरची शीर बोटाने दाबत विचारत होते, इथे दुखते का तुझं, कधीपासून? मोठीआई लाजून उठून गेली.

पुढच्या वर्षी सिनेमा आला. मी त्यांना नागपूरला घेऊन गेलो. ते सबंध वेळ खुर्चीच्या टोकावर बसले होते. मध्यंतरानंतर साहेबांचं ते अर्धं हसू आलं, आणि पडदा भरून आलं, तेव्हा आमच्या मागची बाई रडायला लागली. दरम्यानच्या काळात साहेबांनी स्वतः एका मुलाखतीत आजाराचं सांगून टाकलं होतं, त्यामुळे लोकांनाही कळलं होतं. कुठे राहिलो ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. शेवटी नावं सरकत गेली. मेकअपच्या रकान्यात आधी मोठेबाबांचं नाव आलं, आणि खाली एका मुलीचं. मोठेबाबांनी तिचंच नाव दोनदा वाचलं. बोरगाव आल्यावर म्हणाले, "पोरीचा हात चांगला हाय. फक्त डाव्या डोळ्याखाली घाई करते. तिचा नंबर भेटन का पाह्य बरं."

नंबर मिळवायला मला चार दिवस लागले. फोन लावून दिला आणि मी शेजारीच बसलो. मोठेबाबांनी नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही, सरळ सुरुवात केली, की बाई, डाव्या बाजूला थंड स्पंज लावत जाऊ नकोस, ती बाजू अजून दचकते. मग ती मुलगी म्हणाली, "साहेब म्हणाले होते, एक दिवस तुमचा फोन येईल. आणि जे जे सांगाल ते लिहून घे म्हणाले. थांबा हं, वही घेते."

मोठेबाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ते सांगत गेले. कोणत्या ऋतूत त्वचा कशी होते, सिनेमा पडला की कोणत्या भुवईला खाज सुटते, आईचा विषय निघाला तर त्या दिवशी काजळाला हात का लावू नये. तासभर तरी सांगत होते, आणि त्यांच्या मोकळ्या हाताचं बोट हवेत एका गालावरून हळूहळू फिरत होतं. शेवटी त्या मुलीने विचारलं की साहेब इथेच समोर बसले आहेत, फोन देऊ का?

"नको," मोठेबाबा म्हणाले. "त्याईचं काम सुरू हाय. फोन फक्त चालू राहू दे थोडा वेळ. बोलू नको."

तिने तो टेबलावर ठेवला असावा. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, कोणीतरी खुर्ची पुढे ओढली. मोठेबाबा डोळे मिटून ऐकत होते. मोठीआई चहा घेऊन आली, त्यांना बघून दारातच थांबली आणि कपाचा आवाज होऊ नये म्हणून तो दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली.